केसपेपर कॉम्प्युटरवर न्यायचाय? आधी खिडकीपासून खाटेपर्यंत चाला

चोपडा तालुक्यातल्या साठ खाटांच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी नर्सिंग इन्चार्ज आहे. नोकरीची बहुतेक वर्षं वॉर्डात, त्यातली बरीच नाईटला गेली. आमच्या रुग्णनोंदी कागदावरून कॉम्प्युटरवर गेल्या आणि टिकल्या, हे कळल्यापासून अमळनेर, शिरपूर, शहादा, पाचोरा इकडून फोन येतात. "ताई, आम्हीपण सुरू करतोय, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?" असं विचारतात. हा प्रश्न खरं तर बऱ्याच नंतर यायला हवा. त्याच्या आधी काय करायचं आणि नंतर काय, ते इथे सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं एवढंच आहे: नोंद जिथे काम झालं तिथेच, ज्याने केलं त्यानेच आणि एकदाच व्हावी. बीपी खाटेपाशी मोजलं, तळहातावर किंवा चिठ्ठीवर लिहिलं आणि ड्युटी संपताना नर्सिंग स्टेशनवर बसून वीस जणांचं एकदम टाइप केलं, तर काम दुप्पट होतं आणि आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. पुढे सांगितलेली प्रत्येक गोष्ट या एका कसोटीवर तपासून घ्या.

आधी कागद वाचा

वेंडरला, म्हणजे सॉफ्टवेअर विकणाऱ्याला, बोलावण्याआधी एका रुग्णाबरोबर सगळीकडे फिरा. शक्यतो फवारणीच्या दिवसांत विषबाधा होऊन आलेला शेतकरी निवडा, कारण त्याच्या मागे रुग्णालयातला जवळजवळ प्रत्येक कागद धावतो. कॅज्युअल्टीचं (तातडीच्या विभागाचं) रजिस्टर, एमएलसी म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंध येणाऱ्या प्रकरणाची नोंद, पोलिसांना कळवणं, आयपीडी म्हणजे भरती रुग्णाचा पेपर, संमतीपत्र, ड्रग चार्ट, लॅबची चिठ्ठी, मेडिकलचा इंडेंट (औषधांची मागणी), सरकारी आरोग्य योजनेत बसत असेल तर योजनेच्या आरोग्यमित्राकडची कागदपत्रं. प्रत्येक कागदावर नाव, वय, गाव, नंबर पुन्हा लिहिला जातो. सगळे फॉर्म एका मोठ्या टेबलावर मांडा आणि प्रत्येकाबद्दल विचारा: हा कोण भरतं? भरल्यावर कोण वाचतं? काही फॉर्म असे निघतील की ते वाचणारा माणूस निवृत्त होऊन गेलाय आणि फॉर्म अजून भरला जातोय. असे फॉर्म तिथेच बंद करा. ते कॉम्प्युटरवर नेलेत, तर न वाचलं जाणारं काम कायमचं गळ्यात पडेल.

याच रुग्णाचा ॲट्रोपिनचा (विषावरच्या उताऱ्याचा) चार्ट बारकाईने बघा. सुरुवातीला दर पाच-दहा मिनिटांनी नाडी, बुबुळं, घाम, छातीतली खरखर बघायची, डोस द्यायचा, पुन्हा बघायचं. तेव्हा सिस्टरचा एक हात सिरिंजवर असतो. हा चार्ट कागदावर आडव्या ओळीत भरायला काही सेकंद लागतात. सॉफ्टवेअर दाखवायला कोणी आलं की मी त्याला हाच चार्ट भरून दाखवायला सांगते. दर वेळी चार पानं उघडून 'सेव्ह' दाबावं लागत असेल, तर सिस्टर तो चार्ट कागदावरच भरणार आणि कॉम्प्युटरवर नंतर आठवून लिहिणार. रात्री तिनं तसं केलं तर तिला दोष देता येत नाही.

रुग्ण दारात आला की नोंदणी पूर्ण होण्याची वाट न बघता औषध सुरू व्हायला हवं. ही बारीकशी वाटणारी गोष्ट जिवावर बेतू शकते. अमेरिकेत पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात डॉक्टरांच्या ऑर्डरी कॉम्प्युटरवर सुरू झाल्यावर, दुसऱ्या रुग्णालयांतून पाठवलेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेलं, असा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी मूल वाटेत असतानाच औषधांची तयारी व्हायची. नव्या पद्धतीत मूल पोहोचून नोंदणी होईपर्यंत ऑर्डरच देता येत नव्हती. शिवाय वॉर्डातली औषधं मध्यवर्ती फार्मसीत गेली होती आणि डॉक्टर-सिस्टरांचा खाटेपाशी जाणारा वेळ स्क्रीनपुढे जात होता. सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयाने अशीच प्रणाली आणली, तेव्हा तिथे मृत्यू वाढले नाहीत. फरक तयारीत आणि कामाच्या मांडणीत होता. म्हणून कॅज्युअल्टीसाठी 'अनोळखी पुरुष', 'अनोळखी स्त्री' असे तात्पुरते नंबर आधीच तयार ठेवा. एका बटणावर नंबर मिळावा, उपचार सुरू व्हावेत, नाव-गाव मागाहून जोडता यावं.

सोबत कोण हवं

हे काम एकट्या कॉम्प्युटरवाल्या मुलावर सोपवू नका. तो वायर जोडेल, पण ड्रग चार्टमध्ये 'एसओएस' म्हणजे 'गरज पडली तरच द्या', हे त्याला माहीत नसतं. आमच्या गटात रोज राउंड घेणारे एक डॉक्टर, मी, लॅबचे टेक्निशियन, मेडिकलचे एक जण, बिलिंगच्या ताई आणि रेकॉर्ड रूमचे आप्पा असे होतो. आप्पांना लोक विसरतात. कुठला कागद कोर्टात लागतो, कुठला विम्याला लागतो, दहा वर्षांपूर्वीचं डिस्चार्ज कार्ड मागायला कोण येतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

आणि सगळ्यात ज्येष्ठ डॉक्टरांनी स्वतः टाइप करायला हवं. मोठे सर तोंडी सांगणार आणि ज्युनिअर लिहिणार, ही पद्धत राहिली तर लॉगिन एकाचं आणि निर्णय दुसऱ्याचा होतो. उद्या चौकशी झाली तर ज्युनिअर अडकतो. आमच्या सरांचं टायपिंग हळू होतं. त्यांच्या ओपीडीत पहिला पंधरवडा रुग्णांचे नंबर कमी दिले आणि त्यांच्या नेहमीच्या औषधांची यादी आधीच भरून ठेवली. ट्रस्टींनी हे लेखी द्यावं की त्या काळात उत्पन्न कमी झालं तर कोणी डॉक्टरांना विचारणार नाही. तेवढं पत्र हातात असलं की अर्ध्या कुरबुरी होतच नाहीत.

सॉफ्टवेअर बघताना

डेमो गारव्यातल्या ऑफिसात घेऊ नका. वॉर्डात घ्या, आणि माउस वेंडरच्या हातात न देता नाईटच्या सिस्टरच्या हातात द्या. तिला पाच कामं सांगा: बीपी-टेंपरेचर लिहिणं, औषध दिल्याची खूण करणं, एक डोस का दिला नाही ते लिहिणं, लॅबचा रिपोर्ट शोधणं, पाळी बदलताना द्यायची हँडओव्हरची यादी काढणं. ती जिथे अडेल तिथे टिपून ठेवा. तुमच्याएवढ्याच दुसऱ्या रुग्णालयात ते सॉफ्टवेअर चालू असेल तर तिथे जा, पण वेंडरचा माणूस सोबत नेऊ नका. तिथल्या सिस्टरसोबत चहा प्या आणि विचारा, "अजून कागदावर काय लिहिता?" तिच्या उत्तरातून माहितीपत्रकापेक्षा जास्त कळतं.

करारात दोन गोष्टी ठळक हव्यात. पहिली, माहिती रुग्णालयाकडेच राहील, आणि करार संपला तर ती दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा रूपात परत मिळेल. नुसत्या पीडीएफच्या ढिगाऱ्याचा उपयोग नाही. दुसरी, रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस कोण, त्याचं नाव आणि नंबर.

केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची सुधारित मानकं दिली आहेत. आजारांसाठी आयसीडी-१०, लॅबच्या तपासण्यांसाठी लॉइंक, वैद्यकीय संज्ञांसाठी स्नोमेड सीटी असे ठरलेले कोड त्यात आहेत. भारत सदस्य देश असल्याने स्नोमेड वापरायला इथे पैसे लागत नाहीत आणि त्याचं राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे. वेंडर त्यासाठी वेगळी परवाना फी मागत असेल तर हे त्याला सांगा. सॉफ्टवेअर आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी, म्हणजे आरोग्य नोंदी एकमेकांना जोडण्याच्या केंद्राच्या योजनेशी, जोडलेलं आहे का, तेही विचारा. आज गरज वाटली नाही तरी उद्या धुळ्याच्या नाहीतर नाशिकच्या रुग्णालयाला नोंद पाठवायची झाली, तर दोन्हीकडे एकच भाषा लागेल.

वीज आणि वायर

मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. सर्व्हर जिन्याखालच्या कोंदट खोलीत ठेवला तर तो पहिल्याच उन्हाळ्यात दगा देतो. त्याला हवेशीर, शक्य असेल तर एसीची खोली द्या. बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटर यूपीएसवर असतो, पण भिंतीवरचा नेटवर्क स्विच साध्या प्लगवर असतो. वीज गेली की स्क्रीन चालू आणि नेटवर्क बंद. जनरेटर लागेपर्यंतची दोन मिनिटं सगळी साखळी टिकली पाहिजे, म्हणून स्विच आणि राउटरलाही यूपीएस लावा. इंटरनेटच्या दोन लाइनी दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या आणि त्या दोन वेगळ्या रस्त्यांनी येतात का ते बघा. गटारीच्या कामात जेसीबीने एक तोडली तर दुसरी उरेल. वायरी पाइपातून न्या, छतात उंदीर असतातच.

वॉर्डात एकच कॉम्प्युटर ठेवून भागत नाही. राउंडच्या वेळी तो डॉक्टरांकडे जातो आणि सिस्टर वाट बघत बसते. ड्रेसिंग ट्रॉलीसारखी चाकाची ट्रॉली करून त्यावर लॅपटॉप ठेवा, खाटेपाशी न्या. आमच्या गावातल्या वेल्डरने अशा ट्रॉल्या करून दिल्या, त्या बाजारातल्यापेक्षा टिकाऊ निघाल्या.

नाव, वय, गाव

आता ज्या जागेवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन ती जागा. ही नोंदणीची खिडकी आहे. इथे चुकलेली नोंद पुढे सगळीकडे चुकीचीच जाते, आणि कॉम्प्युटरवर ती इतकी नीटनेटकी दिसते की कोणाला शंका येत नाही.

आमच्या ओपीडीत सुनीता पाटील म्हणून हाक मारली तर चार जणी उठतात. चौधरी, महाजन, कोळी, पावरा, वसावे, पाडवी ही आडनावं गावंच्या गावं भरून आहेत. लग्न झालेल्या बाईचं आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आणि हाक मारायला तिसरंच. वय विचारलं तर "असेल पन्नास-पंचावन्न". ज्यांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावली, त्यातल्या कित्येकांची एक जून आहे. त्यामुळे नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणजे माणूस तोच, असं आपल्याकडे धरता येत नाही. मोबाइल नंबर एका घरात एकच असतो, कधी शेजारच्या पोराचा दिलेला असतो. पिंप्री आणि वडगाव किती तालुक्यांत आहेत हे तुम्हाला माहीतच आहे.

म्हणून खिडकीवर नियम असा ठेवा: नवीन नंबर देण्याआधी तीन प्रकारे शोधायचं. आधी जुना नंबर किंवा जुनं कार्ड, मग मोबाइल, मग नाव आणि गाव-तालुका. वडिलांचं आणि नवऱ्याचं नाव वेगवेगळ्या रकान्यांत घ्या. नाव देवनागरीत रुग्ण सांगेल तसं, आणि रोमन अक्षरांत आधारवर असेल तसं लिहा. चौधरीची रोमन स्पेलिंगं चार तऱ्हेची असतात, नुसत्या रोमनवर शोधलं तर जुनी नोंद सापडत नाही आणि माणसाला दुसरा नंबर पडतो. असे दोन-दोन नंबर झालेले रुग्ण रोज संध्याकाळी एकाच व्यक्तीने शोधायचे. दोन नोंदी एकत्र करण्याचा अधिकार खिडकीला देऊ नका. तो रेकॉर्ड रूमकडे ठेवा आणि दोन जणांच्या संमतीनेच वापरा, कारण चुकून दोन वेगळ्या बायकांच्या नोंदी एक झाल्या तर एकीचा रक्तगट दुसरीच्या नावावर जाईल.

भरती रुग्णाच्या मनगटावर नंबरची पट्टी बांधाच. जुळी बाळं असतील तर आईच्या नावापुढे पहिलं, दुसरं आणि जन्मवेळ.

आभा क्रमांक, म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला माणसाचा आरोग्य-ओळख क्रमांक, चौदा आकडी असतो आणि तो ऐच्छिक आहे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे ते खिडकीवरचा क्यूआर कोड स्कॅन करतात, नाव-वय थेट आपल्या स्क्रीनवर येतं आणि टोकन मिळतं. रांग खरोखर कमी होते. पण धडगावहून आलेल्या आजीकडे फोन नसेल, तर तिला "आधी आभा काढून आणा" म्हणून परत पाठवायचं नाही. खिडकीवरच्या मुलामुलींना हे पहिल्या दिवशी बजावून सांगा.

रुग्णाचे शब्द

सॉफ्टवेअरमध्ये तक्रारींची यादी तयार येते. आपली माणसं तशी बोलत नाहीत. "पोटमा दुखस" सोपं आहे. "जीव घाबरस" याचा अर्थ मात्र धडधड, दम, अशक्तपणा, मळमळ यातला कुठलाही असू शकतो. सिस्टरने घाईत यादीतला एक शब्द निवडला की पुढच्या डॉक्टरला तेच खरं वाटतं. म्हणून तक्रारीच्या रकान्यात रुग्णाचं वाक्य त्याच्याच शब्दांत, अहिराणी असो की पावरी, देवनागरीत लिहिण्याची मोकळी जागा मागून घ्या, आणि निदानासाठी कोडची यादी वेगळी ठेवा.

स्क्रीनच्या माथ्यावर ॲलर्जी लाल अक्षरांत येते. आपल्याकडे तिथे सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही यायला हवा. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, चोपडा, यावल या सातपुड्याच्या पट्ट्यातल्या रुग्णाच्या अंगदुखीकडे ते ठाऊक नसताना बघणं आणि ठाऊक असताना बघणं, यात उपचार बदलतो. तपासणी झालेली नाही, आणि झाली असेल तर नॉर्मल, वाहक की रुग्ण, हे चार पर्याय पुरतात.

कुठून सुरुवात, कधी सुरुवात

आधी नोंदणी आणि बिलिंग. ते स्थिरावलं की लॅब आणि एक्स-रे, कारण रिपोर्ट स्क्रीनवर दिसायला लागले की डॉक्टर स्वतःहून कॉम्प्युटरपाशी येतात. मग ओपीडी, मग नर्सिंगचे चार्ट. औषधांच्या ऑर्डरी शेवटी. त्या एका वॉर्डात सुरू केल्या की त्या वॉर्डातला कागदी ड्रग चार्ट त्याच दिवशी उचलायचा. निम्म्या ऑर्डरी कागदावर आणि निम्म्या स्क्रीनवर, अशी एक रात्रसुद्धा नको. अँटिबायोटिकचा डोस दोनदा जातो नाहीतर राहून जातो. बाकी कुठेही थोडे दिवस दोन्ही चाललं तर निभतं, इथे निभत नाही.

ऑर्डरी भरताना एकक निवडूनच पुढे जाता आलं पाहिजे. इन्सुलिनचे दहा युनिट घाईत 'यू' अक्षराने लिहिले की ते शून्यासारखं दिसतं आणि शंभर वाचलं जातं. ही कागदावरची जुनी चूक कॉम्प्युटर खरोखर घालवू शकतो, तेवढी संधी सोडू नका. मात्र इशारे मोजकेच ठेवा. प्रत्येक गोळीला पिवळी चौकट उघडली तर सिस्टर आणि डॉक्टर न वाचता बंद करायला शिकतात, आणि मग खरा इशाराही तसाच बंद होतो.

सुरुवातीचा दिवस पंचांगाइतकाच वॉर्ड बघून ठरवा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्या सिस्टर माहेरी जातात, श्रावणातल्या कानबाईच्या सणाला घरोघरी पाहुणे असतात, तेव्हा ड्युटीचा मेळच बसत नाही. पावसाळ्यात आणि नंतर डेंगी-मलेरियाच्या तापाने व्हरांड्यातही खाटा लागतात. मेमध्ये उष्माघाताचे रुग्ण आणि वीज जाणं, दोन्ही असतं. मार्चअखेर अकाउंट्सवाले डोकं वर काढत नाहीत. आम्हाला जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी सोयीचा पडला. वार मंगळवार किंवा बुधवार, सकाळची ड्युटी. शुक्रवारी सुरू केलंत तर पहिला गोंधळ रविवारी रात्री होईल, तेव्हा कोणी नसेल.

पहिला आठवडा प्रत्येक पाळीत, नाईटलाही, एक जाणकार माणूस दुसरं काही काम न देता नुसता मदतीला ठेवा. रोज दुपारी सगळ्यांनी पंधरा मिनिटं उभ्याउभ्या भेटायचं. अडचण काय, ती कोण सोडवणार, कधी, हे वहीत लिहायचं. ही वही कागदाचीच असू द्या.

शिकवणं

हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून दोन तास दाखवलेलं वॉर्डात गेल्यावर आठवत नाही. तीन-तीन जणींना घ्या, खऱ्या वॉर्डात, खोट्या रुग्णावर, तासाभरापेक्षा जास्त नाही, आणि सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात. दोन महिने आधी शिकवलेलं विसरलं जातं. ड्युटी संपल्यावर थांबवून शिकवू नका, ते तास ड्युटीत धरा.

आमच्या एका ज्येष्ठ सिस्टरनी कधी माउस धरला नव्हता. त्यांना वाटत होतं आता आपलं वॉर्डातलं वजन गेलं. ट्रेनिंगच्या गटात मी त्यांना मुद्दाम पुढे घेतलं आणि ड्रग चार्टचं पान त्यांच्या सांगण्यावरून बदलून घेतलं: कुठलं औषध आधी, कुठलं नंतर, राउंडच्या क्रमाने. पान त्यांचं झाल्यावर ते कसं वापरायचं हे त्याच नव्या मुलींना शिकवायला लागल्या. तरुण मुली टायपिंगला चपळ असतात, पण चार्टमध्ये काय लिहायचं ते अशा बायकांना माहीत असतं. दोघींची जोडी लावा.

एक सवय पहिल्या दिवसापासून मोडा: कालची नोंद उचलून आज चिकटवणं, आणि तयार भरून आलेलं 'सर्व नॉर्मल'. पाय कापलेल्या रुग्णाच्या नोंदीत 'दोन्ही पायांची नाडी नीट लागते' असं छापून येऊ शकतं. रिकामा रकाना रिकामा दिसू द्या, तो खरं सांगतो.

बंद पडेल तेव्हा

२३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि तिथे जवळपास दोन आठवडे कामकाज हाताने कागदावर चालवावं लागलं. एवढ्या मोठ्या संस्थेवर अशी वेळ आली, आपल्यावरही येईल असंच धरून चाला. प्रत्येक वॉर्डात एक लाल पेटी ठेवा: कोरे ड्रग चार्ट, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, लॅबच्या चिठ्ठ्या, तात्पुरत्या नंबरांची यादी, पेन, टॉर्च. रोज ठरलेल्या वेळी, सकाळी आणि रात्री, वॉर्डातल्या सगळ्या रुग्णांची चालू औषधं आणि ॲलर्जी एका पानावर छापून त्या पेटीत ठेवा, जुनं पान फाडून टाका. कॉम्प्युटर परत सुरू झाल्यावर कागदावरचं कोण टाकणार, हेही आधी ठरवा. कधीतरी, न सांगता नाही, पण खरोखर, अर्धा तास सिस्टम बंद करून तालीम घ्या.

बॅकअप घेतला जातो का, एवढं विचारून थांबू नका. त्या बॅकअपमधून एका रुग्णाची पूर्ण नोंद उघडून दाखवायला सांगा. एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली, दुसऱ्या इमारतीत ठेवा.

कोणी काय बघायचं

लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. वॉर्डातल्या मावशीची भाची भरती असते, बिलिंगच्या मुलाची शेजारीण गर्भपातासाठी आलेली असते. कागद कपाटात होता तेव्हा तो बघायला उठून जावं लागायचं, स्क्रीनवर ते एका बोटाचं काम आहे. म्हणून प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन, आणि कामापुरतंच दिसेल असं. बिलिंगला निदानाचा तपशील लागत नाही. एचआयव्हीबद्दलची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन २०१७ च्या कायद्याने घातलेलं आहे, गर्भपाताच्या नोंदीही गोपनीय असतात, आणि २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा तर कॉम्प्युटरवरच्या सगळ्याच व्यक्तिगत माहितीसाठी केलेला आहे. कोणी कुठली नोंद उघडली याची यादी सॉफ्टवेअरमध्ये असते, ती महिन्यातून एकदा बघा आणि बघता हे सगळ्यांना कळू द्या. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला दिसला तर रागावण्याआधी बघा की लॉगिन व्हायला किती वेळ लागतो. बहुतेक वेळा तेच कारण असतं. रिपोर्टचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरणं थांबवायचं असेल तर डॉक्टरांना घरून बघता येईल अशी सुरक्षित सोय द्यावी लागेल.

जुने गठ्ठे

रेकॉर्ड रूम अख्खी स्कॅन करायच्या भानगडीत पडू नका. पैसा जातो आणि कोणी उघडत नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे भरती रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्या तर ७२ तासांत द्याव्या लागतात. त्याच संहितेत नोंदी लवकर सापडाव्यात म्हणून त्या संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा असंही म्हटलंय. मेडिकोलीगल (एमएलसी) प्रकरणांची मूळ कागदपत्रं निकाल लागेपर्यंत जपा. जे रुग्ण पुन्हा येतात त्यांचं तेवढं आधी घ्या: सिकल सेल, मधुमेह, डायलिसिस, गरोदर बाया. रुग्ण आला की त्याच दिवशी त्याचा महत्त्वाचा इतिहास एका पानात टाका, मूळ कागद रेकॉर्ड रूमलाच राहू द्या.

बसलं की नाही, कसं ओळखायचं

किती लॉगिन झाले यावरून काही कळत नाही. नाईटला वॉर्डात जा आणि सिस्टरच्या खिशात चिठ्ठी आहे का बघा. असेल तर त्या चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये अवघड आहे, ते सोपं करून घ्या. सॅम्पल घेतल्यापासून रिपोर्ट दिसेपर्यंतचा वेळ सुरू करण्याआधी मोजून ठेवा आणि नंतर पुन्हा मोजा. बीपीची नोंद सहाची असेल आणि टाइप साडेनऊला झालं असेल तर सॉफ्टवेअर ते दाखवतं, हा फरक दर आठवड्याला बघा. तो कमी होत गेला की नोंद खाटेपाशी व्हायला लागली.

आणि डिस्चार्ज कार्ड मराठीत, मोठ्या अक्षरात छापून हातात द्या, औषधाच्या वेळा सकाळ-दुपार-रात्र अशा. आपले कितीतरी रुग्ण ऊसतोडीला, वीटभट्टीला, सुरतेला जातात. तिथल्या डॉक्टरांच्या स्क्रीनवर आपली नोंद उघडेल तेव्हा उघडेल. तोवर त्यांच्यासाठी औषधांची नावं आणि निदान त्याच कार्डावर इंग्रजीतही असू द्या, आणि सिकल सेल किंवा ॲलर्जी असेल तर ती सगळ्यात वर, जाड अक्षरात.